चॅरिटी घोडेस्वारीला गेले आणि घोड्यावर बसलेच नाही, तरी लिहितेय (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

गेल्या डिसेंबरातली गोष्ट आत्ता लिहितेय म्हणजे वरातीमागून घोडं आहे हे माहितेय मला. पण थंडी जवळ आली की या राइडच्या जाहिराती परत फिरायला लागतात, कालच ऑफिसमधल्या एका मुलीने मला विचारलं जाऊ का म्हणून, तेव्हा म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू. आयोजकांचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. घोळ घातले ते खरं, पण माणसं लबाड नव्हती, आणि असे घोळ घालणारे ते एकटेच असतील असं वाटत नाही.

तर आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर पार्लेकरणीने एक पोस्टर टाकलं. अलिबागकडच्या समुद्रकिनाऱ्यावर सहा किलोमीटर घोडेस्वारी, जमलेले पैसे म्हाताऱ्या आणि जायबंदी घोड्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेला. आम्ही पाच जणी, सगळ्यांनी चाळिशी ओलांडलेली, घोड्यावर बसलोय ते लहानपणी जुहूला आणि एकदा शाळेच्या सहलीत माथेरानला, तेही घोडेवाल्याने दोर धरलेला असताना डोळे मिटून. पण पोस्टरवरची बाई केस मोकळे सोडून लाटांतून घोडा फेकत होती आणि ते बघून पाचही जणींना वाटलं की आपण आतून अशाच आहोत, फक्त संसारात अडकलो. (पोस्टरवरचं पाणी निळंशार होतं. अलिबागकडचं पाणी निळं ज्याने पाहिलं असेल त्याने मला फोन करावा.)

ठाणेकरीणने तेव्हाच विचारलं होतं, घोड्यांच्या मदतीसाठी घोड्यांवरच बसायचं हे जरा गमतीशीर नाही का गं? आम्ही तिला गप्प केलं. पण प्रश्न बरोबर होता. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो आणि त्यातली कामाची वर्षं कमीच, रेसचा घोडा तर सहा-सात वर्षांचा झाला की बऱ्याचदा रिटायर. पुढची वीस वर्षं त्याने खायचं काय आणि राहायचं कुठे? आपल्याकडे मुंबईत २०१५ साली हायकोर्टाने मौजेसाठी फिरणाऱ्या व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाड्या, बेकायदा ठरवल्या, ते बरंच झालं, डांबरावर पळून पळून त्या घोड्यांच्या पायांची वाट लागायची. पण आपण सगळे टाळ्या वाजवून घरी गेलो, घोडे कुठे गेले हे कोणी विचारलं? मी तरी नाही विचारलं. म्हणून राइडमागचं कारण मला पटलं आणि मी पैसे भरले.

पैसे म्हणजे नोंदणीचे ४,५०० रुपये, आणि शिवाय प्रत्येकीने ओळखीपाळखीतून किमान १०,००० जमवून द्यायचे. मी १४,००० जमवले. बिल्डिंग, ऑफिस, नणंद, आणि गिरगावची आत्या, जिने २,५०० रोख हातावर ठेवले आणि म्हणाली, पडलीस तर कंबर माझ्यासारखी होईल, जपून.

आता सरावाबद्दल, कारण त्याला मी पाचपैकी पाच देणार आहे. राइडच्या आधी मुंबईतच एका तबेल्यात दोन सेशन, प्रत्येकी पाऊण तास, फीमध्येच धरलेले. शिकवणारे सर फारच भारी. पहिली पंधरा मिनिटं बसूच दिलं नाही, नुसतं घोड्याच्या बाजूला उभं राहायला लावलं. घोड्याला थेट नाकासमोरचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे जायचं ते खांद्याच्या बाजूने, आवाज देत. चढायचं डावीकडून, का तर पूर्वी तलवार डाव्या कमरेला लटकायची, उजवीकडून चढलं की ती मध्ये यायची. पार्लेकरणीने विचारलं, सर आमच्याकडे तलवार नाहीये, मग चालेल का उजवीकडून? सर म्हणाले घोड्याला सवय डावीकडची आहे, त्याला समजावून सांगा.

मला दिला होता रेसकोर्सवरून रिटायर झालेला एक तपकिरी घोडा. घोड्याची उंची हातांत मोजतात, एक हात म्हणजे ४ इंच, आणि मोजतात ती खांद्यापर्यंतच, मान धरत नाहीत. हा होता १६ हात. म्हणजे खांद्यालाच पाच फूट चार इंच, मी आहे पाच फूट एक. स्टुलावर चढून, मागून दोघांनी ढकलून मी एकदाची वर पोचले आणि वरून महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर उभी असल्यासारखं वाटलं. चालत होता तोवर मी राणी. दुडकी चाल सुरू झाली तेव्हा माझे दात, चष्मा आणि ब्लाउजमधला मोबाईल हे सगळे वेगवेगळ्या तालात उडायला लागले. सर ओरडतायत, टाच खाली, टाच खाली, घोड्याबरोबर उठा-बसा, आणि मी घोडा उठला की बसतेय आणि बसला की उठतेय. दुसऱ्या दिवशी दादरच्या पुलाच्या पायऱ्या मी आडवी होऊन उतरले, एका काकांनी कीव येऊन हात दिला. पण दुसऱ्या सेशनला ताल सापडला. दहाएक सेकंदच सापडला, पण काय दहा सेकंद होते ते!

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे इथेच पुढे घोडं पेंड खाणार होतं. नोंदणीच्या फॉर्मवर टी-शर्टचा साइझ विचारला होता, रक्तगट विचारला होता, इन्स्टाग्रामचं नाव विचारलं होतं, वजन विचारलं नव्हतं. सरावाला सरांनी मला बघूनच तो मोठा घोडा दिला असणार, बोलले काही नाहीत, सभ्य माणूस. आणि मी समजत होते की राइडलाही असाच घोडा मिळणार.

शनिवारी दुपारी भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीत बसलो, तासाभरात मांडवा. (याला वेगळे पाच. ज्याने कधीकाळी पेणवरून वळसा मारून अलिबाग केलंय त्याला या तासाची किंमत कळेल.) रात्री एका घरगुती होमस्टेमध्ये सुरमई, सोलकढी, आणि जागरण, ज्याची काही गरज नव्हती.

सकाळी साडेसहाचा रिपोर्टिंग टाइम. आम्ही सहा पंचविसला हजर. तिथे फक्त मांडववाले आणि डीजेवाला. सकाळी साडेसहाला, समुद्रासमोर, डीजे! चहा आठला आला. घोडे तोवर येऊन उभे होते, वेगवेगळ्या ठिकाणांहून टेम्पोने आणलेले, वीस-बावीस असतील, आणि त्यांना बघूनच माझ्या पोटात गोळा आला कारण दोन-तीन सोडले तर सगळी तट्टं. म्हणजे गोड होती, आयाळ विंचरलेली, कपाळावर गोंडे, पण तट्टं.

बरं, होमस्टेच्या आजींनी रात्रीच सांगितलं होतं, उद्या सकाळी कसली गो राइड, उद्या अष्टमी. आम्हाला कळलंच नाही अष्टमीचा काय संबंध. मग त्यांनी हिशोब सांगितला जो किनाऱ्यावरच्या पोराटोरांना येतो: तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आसपास भरती, साडेसहाला घोडे पळवायला लागतो तो ओल्या वाळूचा घट्ट पट्टा पाण्याखाली, आणि वर उरते ती कोरडी भुसभुशीत वाळू ज्यात घोड्याचे खूर रुततात आणि पायाच्या शिरांवर ताण येतो. पूनव-अमावास्येला ठेवली असती तर सकाळी ओहोटी आयती मिळाली असती. हे कॅलेंडरवर बघून ठरवायला फुकट आहे हो! आयोजकांनी रविवार बघितला, तिथी बघितली नाही. नशीब त्यांचं की सगळंच दोन-अडीच तास लेट झालं आणि निघेपर्यंत पाणी बरंचसं मागे गेलं होतं. गोंधळाने गोंधळ निस्तरला.

हेल्मेट. घोडेस्वारीची म्हणावी अशी पाच-सहा, बाकी सगळी सायकलची. आमच्या बँकवालीला मिळालं ते तिच्या अंबाड्यावर तरंगत होतं. बुटांबद्दल सरांनी बजावलं होतं, जरा टाच असलेले घाला, सपाट असले की पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलात तर अडकून फरफटत जाता. तरी एक गृहस्थ क्रॉक्स घालून आले होते आणि त्यांना कोणी अडवलं नाही.

मग माझा नंबर. मला दिलेल्या घोडीचं नाव बिजली. पांढरट, पापण्या लांब, उंची जेमतेम तेरा हात. तिचा दोर धरून एक काका उभे, साठीचे असतील, डोक्याला उपरणं. मूळचे माथेरानकडचे, आयुष्य दस्तुरी नाक्यावरून लोकांना वर नेण्यात गेलं, तिथे गाड्यांना बंदी म्हणून घोडा हीच टॅक्सी. काकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदाच बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, राग मानू नका. शहाऐंशी किलो?"

शहाऐंशी. बरोब्बर शहाऐंशी. हा आकडा माझ्या नवऱ्याला माहीत नाही.

"मग हिच्यावर नका बसू," काका म्हणाले. "तीनशे किलोची असंल ही. खोगीर धरून साठाच्या वर हिला झेपत नाय. वाळूत तर नायच."

नियम साधारण असाच आहे, नंतर मी वाचलं: घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार त्याच्यावर टाकू नये, आणि त्यात खोगीरही धरायचं. सरावाचा तो थोराड घोडा पाचशे किलोचा, त्याला शंभर चालतात, मी अधिक खोगीर म्हणजे चौऱ्याण्णव, बसले बाई कशीबशी. बिजलीला मी दीडपटीहून जास्त झाले असते.

तेवढ्यात आयोजकांचा टी-शर्टवाला मुलगा धावत आला, म्हणाला काही होत नाही मॅडम, तुम्ही बसा, तुमच्यापेक्षा जाड लोक बसतात. खरं सांगते, काकांनी आकडा सांगितला तेव्हा लाज नाही वाटली इतकी या वाक्याने वाटली. काकांवर तो चढलाच, तुला कोणी विचारलं, शेड्यूल आधीच मागे आहे. काकांनी दोर घट्ट धरला आणि म्हणाले, "घोडी माझी हाय." बस. एवढंच.

मोठे दोन-तीन घोडे आधीच वाटून झाले होते, तेही बारीक बारीक पोरींना, कारण फोटो छान येतात. तो क्रॉक्सवाला गृहस्थ, जो माझ्याहून नक्की भारी होता, एका तट्टावर बसून गेलाही, आणि ते बिचारं सगळ्यात मागे मान खाली घालून चालत होतं. ते बघवत नव्हतं. म्हाताऱ्या आणि जायबंदी घोड्यांसाठी पैसे गोळा करतोय आणि इथे आपणच पुढच्या वर्षीचा जायबंदी तयार करतोय!

रिफंडचं विचारलं तर उत्तर, मॅडम चॅरिटी आहे, रिफंड कसला. मग म्हटलं ठीक, मी चालते. लोकांनी चौदा हजार दिलेत, सहा किलोमीटर कापणार सांगितलंय, ते पायी कापते. शेवटी बिजलीवर नोंदणी डेस्कवरची एक सडपातळ मुलगी बसली, एका बाजूला काका आणि दुसऱ्या बाजूला मी, अशी आमची वरात निघाली.

वरातीवरून आठवलं. सुरुवातीलाच ड्रोन उडवला, तोही घोड्यांच्या डोक्यावरून दहा-बारा फुटांवर. रायडिंग स्कूलचे जे उंची घोडे होते ते बिथरले, एक मागच्या पायांवर उभा राहिला, ठाणेकरीण किंचाळली, पडली नाही पण पुढची अर्धी राइड तिने आयाळ धरून केली. आणि एक काळा घोडा मात्र शांत, कान सुद्धा हलवला नाही. काका हसायला लागले. म्हणाले तो लग्नातला हाय, त्याला बँजो, फटाके, नाचणारे मामे सगळ्याची सवय, ड्रोन बी रोजचाच.

पुढचा दीड तास माझ्यासाठी पैसे वसूल. काका बोलत होते आणि मी ऐकत होते. घोड्याला उलटी करता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. त्यामुळे पोटात काही वाईट गेलं की ते बाहेर काढायची सोयच नाही, साधी पोटदुखी जिवावर बेतते. पर्यटक लाडाने वडापाव, चिप्स काहीबाही भरवतात आणि रात्री घोडा लोळायला लागतो, घोडेवाला रात्रभर त्याला चालवत बसतो. दर सहा-आठ आठवड्यांनी नाल बदलायची. चंदी, गवत, डॉक्टर. सीझन असो नसो, घोडं खातंच. माथेरानला ई-रिक्षा आल्यापासून धंदा कसा आहे असं विचारलं तर म्हणाले, म्हातारी माणसं नि शाळेची पोरं यांची सोय झाली, ते वाईट कसं म्हणू, पण माझ्या पोराने हा धंदा करू नये. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मध्येच बिजलीने माझ्या ओढणीचा कोपरा चघळायला घेतला.

परत आल्यावर मेडल. सगळ्या रायडरना, आणि मलाही, जरा हसत हसत. घोडेवाल्यांना नाही. पोहे सुद्धा त्यांना शेवटी, थंड.

पैशाचं. आमची बँकवाली खमकी आहे, तिने तिथेच ८०जीचं, म्हणजे देणगीवर मिळणाऱ्या टॅक्स सवलतीचं, विचारलं. तर तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते: नोंदणीची फी म्हणजे देणगी नव्हे, तिच्या बदल्यात तुम्हाला राइड मिळतेय (किंवा माझ्यासारखी मिळत नाहीये). देणगी ती लोकांनी वर दिलेली. तिच्यासाठी संस्थेकडून फॉर्म १०बीई नावाचं सर्टिफिकेट यायला लागतं, ते आर्थिक वर्ष संपल्यावर मे अखेरपर्यंत मिळतं, नुसत्या पावतीवर भागत नाही. रोख २,००० च्या वर असेल तर चालत नाही, म्हणजे आत्याचे २,५०० त्या हिशोबात बादच, आणि नवीन टॅक्स रेजीममध्ये असाल तर ही सवलतच नाही. आत्या म्हणाली मी टॅक्स भरतच नाही, तू कशाला रडतेस.

घरी आल्यावर मी आयोजकांना एक मोठी ईमेल लिहिली. चिडून नाही, मुद्देसूद, वजन, तिथी, ड्रोन, हेल्मेट, घोडेवाल्यांचं मानधन, आणि हिशोब मागितला. वाटलं होतं उत्तर येणार नाही. तीन आठवड्यांनी आलं, एक पान, आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे आकडे खरे वाटावेत इतके अडचणीचे होते. लोकांकडून जमवलेले सगळे पैसे संस्थेकडे गेले, पावतीची कॉपी जोडलेली. माझ्या ४,५०० मधले मात्र फक्त ९०० गेले, बाकी घोड्यांचं भाडं, सराव, विमा, मांडव, टी-शर्ट, मेडल, ड्रोन, डीजे. आणि त्यात एक ओळ अशी होती की डीजेला जितके दिले त्याहून कमी सगळ्या घोडेवाल्यांना मिळून दिलेत. ही ओळ त्यांनी लपवली नाही म्हणून मी आज नाव घेत नाहीये, असं समजा.

रेटिंग द्यायचंच तर सराव पाच, राइडमागचं कारण पाच, दिवसाची व्यवस्था दीड, तोही अर्धा पोह्यांचा, ते थंड असले तरी चवीला बरे होते. जाणार असाल तर आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: तुमच्या वजनाला घोडा आहे का, ओहोटी किती वाजता आहे, आणि घोडेवाल्यांना किती देताय. तिसऱ्या प्रश्नावर फोनवरचा माणूस अडखळला तर काय ते समजा. पन्नास-पंचावन्न किलोच्या आत असाल, घोड्याची भीती नसेल तर बिनधास्त जा, आमच्या पार्लेकरणीला आयुष्यातली सगळ्यात सुंदर सकाळ वाटली ती, आणि तिचा लाटांतला फोटो खरंच पोस्टरसारखा आलाय, फक्त पाणी चहाच्या रंगाचं.

परवा या वर्षीचा फॉर्म आला. टी-शर्टच्या साइझच्या खाली नवा रकाना आहे, वजन, किलोमध्ये, आणि तारीख पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची. डीजेबद्दल काही लिहिलेलं नाही. मी रकान्यात ८४ लिहिलंय, आणि खाली शेऱ्यात, घोडा नसेल तर बिजलीबरोबर चालेन, काकांना विचारा. आत्याला सांगितलं तर म्हणाली, या वेळी पाचशेच देईन, चालायला कसले पैसे.